अंदमानात मोसमभर वापरलेला स्नॉर्केलिंगचा संच: काय टिकलं, काय गळलं

नोव्हेंबर ते एप्रिल असा अख्खा मोसम हा संच हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) आणि नील (आता शहीद द्वीप) या बेटांच्या पाण्यात वापरला आहे. टेम्पर्ड काचा आणि सिलिकॉनची कड असलेला मास्क, खाली पर्ज व्हॉल्व्ह (आत आलेलं पाणी बाहेर टाकणारी झडप) आणि वर फ्लोट (नळी बुडाली की तोंड बंद करणारा तरंगक) असलेला ड्राय-टॉप स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, आणि पाऊल पूर्ण झाकणारे आखूड फिन्स, म्हणजे पोहण्याचे पंजे. पैसे घालायचे तर मास्कवर घाला. स्नॉर्केल साधाही चालतो, फिन्स भाड्याने मिळतात. चेहऱ्याला न बसणारा मास्क मात्र सहल वाया घालवतो आणि प्रवाळाचंही नुकसान करतो. डोळ्यांत पाणी गेलं की माणूस घाबरून पाय टेकतो, आणि हॅवलॉकच्या एलिफंट बीचच्या उथळ भागात तो पाय बऱ्याचदा जिवंत पोवळ्यावरच पडतो.

घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस नकोत. मिशीवाल्यांना वरच्या ओठापाशी थेंब थेंब गळती होतेच. नाकाखालची मिशी थोडी कातरली किंवा सिलिकॉन ग्रीस लावलं की ती आटोक्यात येते. व्हॅसलिन लावू नका, सिलिकॉन खराब होतं. पट्टा करकचून आवळला तर कड दुमडते आणि गळती उलट वाढते.

नव्या मास्कवर वाफ धरते, कारण काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, आतून बोटाने चोळून धुवा आणि हे तीन-चारदा करा. काचेला आधीच अँटी-फॉग (वाफ धरू न देणारा) लेप असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नका. पुढे दर वेळी उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून एकदा विसळलं की पुरतं. चष्मा असणाऱ्यांनी नंबरच्या काचा बसणारा मास्क घ्यावा. अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने तयार काचा मिळतात. पाण्यात वस्तू साधारण पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे नंबर किंचित कमी असला तरी भागतं.

स्नॉर्केलची तक्रार एकच, पण वारंवार येणारी. पर्ज व्हॉल्व्हच्या पातळ पडदीखाली वाळूचा एक कण अडकला की प्रत्येक श्वासाला घोटभर खारं पाणी तोंडात येतं. आधी जोरात फुंकर मारा. नाहीच निघाला तर किनाऱ्यावर येऊन झाकण काढा आणि पडदी गोड्या पाण्यात धुवा. नखाने खरवडू नका, फाटते. वरचा फ्लोटही मीठ साचून अडकतो. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क आम्ही सुचवणार नाही: नाक चिमटता येत नाही, म्हणून खाली बुडी मारताना दाबाने दडे बसलेले कान मोकळे होत नाहीत, आणि हलक्या बनावटीच्या मास्कमध्ये सोडलेली हवाच पुन्हा आत येते.

वेळ सकाळची. घड्याळ मुंबईचंच असलं तरी इथे सूर्य सहाच्या आत वर येतो, आणि वारा सुटण्याआधी पाणी सर्वांत स्वच्छ असतं. तिथी बघून जा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, पाण्याची ओढ कमी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोटीला नीलच्या उथळ भागात प्रवाळ उघडं पडतं. तेव्हा उतरूच नका.

पाण्यात हात-पाय मारणं थांबवलं की मासे जवळ येतात. पोपटमासा पोवळं कुरतडतो त्याचा कटकट आवाज तेव्हा स्पष्ट ऐकू येतो. क्लाउनफिश अॅनिमोनमधून (समुद्रफुलातून) बाहेर येऊन थेट मास्ककडे झेपावतो. त्याला बोट लावायला जाऊ नका. कासव दिसलं तर बाजूने पोहा, वरून नको, त्याला श्वासासाठी वर यायचं असतं. टायटन ट्रिगरफिश घरट्यापाशी अंगावर आला तर वर पळू नका; त्याची हद्द वरच्या दिशेने रुंद होत जाते, म्हणून आडवं दूर व्हा. काळ्या पट्ट्यांचा सागरी साप विषारी असला तरी शांत असतो, वाट द्या. मेलेलं पोवळंही उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहण्याचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) घाला.

परतल्यावर सगळं गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेला पट्टा चिरतो. मोसमाअखेर आमच्या संचात फक्त स्नॉर्केलच्या माउथपीसच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) चावायच्या कडा झिजल्या; ते वेगळं मिळतं, एक जादा घेऊन ठेवा.