जुनी हॅचबॅक आणि तिचे अडणारे गिअर : वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर घेतलेली ही २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आता पावसाळा आला तरी रोज वापरात आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेलं वायरवर क्लच चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना लागू पडतं. इंजिनबद्दल तक्रार नाही. सोलापूरच्या मे महिन्यात एसीनेही साथ दिली. प्रश्न होता तो गिअरचा.

सकाळी पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडायचा नाही. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज यायचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना दांडा हाताला घासायचा. एका गॅरेजमध्ये गाडी चालवून न बघताच 'गिअरबॉक्स उतरवावाच लागेल' म्हणाले. मग अक्कलकोट रोडच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. चाचांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "मालक, आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा की."

बंद गाडीत पाचही गिअर अलगद पडले. चालू केली की पुन्हा अडले. निम्मं निदान इथेच होतं. गिअर फक्त चालू इंजिनावर अडत असतील तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नसतो. पेडल दाबूनही क्लचची प्लेट फ्लायव्हीलबरोबर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाबरोबर, थोडी फिरत राहते, म्हणून गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबत नाही. बंद गाडीतही अडत असतील तर दांड्याचे बुश (सांध्यातल्या छोट्या कड्या) आणि केबल बघायच्या, त्यानंतर गिअरबॉक्स. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) नसते, त्यामुळे क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून मगच तो टाकायचा. थांबूनही खर्र येत असेल तर संशय पुन्हा क्लचवरच. माझ्या गाडीत येत होतं.

चाचांनी क्लचची वायर काढून हातात दिली. टोकाशी निम्म्या तारा तुटून जुन्या ब्रशसारख्या फिस्कटल्या होत्या, उरलेल्या ताणून लांबल्या होत्या. पेडल पार खाली गेलं तरी क्लचला पुरेशी ओढ मिळत नव्हती. नवी वायर टाकली, पेडलची मोकळी चाल (क्लच ओढला जाण्याआधी पेडल जेवढं सैल दबतं ती) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावली, आणि पहिला गिअर व रिव्हर्स दोन्ही सुधारले. गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीपुढे हा खर्च काहीच नव्हता.

सकाळचा उरलेला जडपणा ऑइलचा निघाला. जुनं गिअर ऑइल काळं पडलं होतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा करडा लगदा बघून घाबरू नका, तो झिजेचा नेहमीचा चुरा असतो. दाताचा तुकडा दिसला तर मात्र काळजी. ऑइल बोटांवर चोळून उन्हात धरलं तेव्हा सोनेरी कण चमकले. ते पितळेचे, म्हणजे सिंक्रो रिंगचे. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइलच बघावं लागतं. नवं भरताना दुकानदार जीएल-५ दर्जाचं ऑइल देत होता, 'भारी आहे' म्हणून. माझ्या गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-९० (हा दाटपणा) जीएल-४ (हा दर्जा) लिहिलंय, तेच आग्रहाने घेतलं. जीएल-५ मधली काही रसायनं पितळेला बाधू शकतात, आणि जास्त निसरडेपणामुळे सिंक्रो रिंगची पकड कमी होते.

संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्यावर सरकत होती, एकदाही अडली नाही. तुळजापूरच्या घाटात वरच्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबून पाहिलं. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरते असं समजायचं. तसं झालं नाही, म्हणून प्लेटला हात लावला नाही. आवाजाचीही एक खूण सांगतो. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग). न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारी घरघर दाबल्यावर थांबली, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर.

दुसरा गिअर अजून घासतो, विशेषतः इंजिन गार असताना. रिंग झिजलीय हे आता नक्की, आणि ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. सध्या तो खर्च मी करत नाही. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून, वेग थोडा उतरला की दुसरा टाकतो, आणि तो निमूट पडतो. इंजिन गाडी ओढत असताना हा गिअर आपोआप सुटायला लागला किंवा गरम इंजिनावरही खर्र यायला लागलं, की गिअरबॉक्स उघडायचा, असं चाचांशी बोलून ठरवलंय.