करार मोजायचे की विद्यार्थी?

कंपनीशी केलेल्या सामंजस्य कराराची मुदत संपत आली, की तो पुढे चालू ठेवायचा का, हे ठरवायला कॉलेजकडे दोनपैकी एक नोंद असते : करारवार किंवा विद्यार्थीवार.

करारवार नोंद सोपी. करार किती, त्याखाली कार्यक्रम किती; सोबत फोटो आणि हजेरीपत्रक लावलं की नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाइल तयार. पण तिथे औद्योगिक भेटीला गेलेली बस आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप या दोन्हींना एकेकच ओळ मिळते.

विद्यार्थीवार नोंदीत एका पीआरएनला (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाला) एक ओळ : रुजू तारीख, तास, विद्यावेतन, ऑफर, सहा महिन्यांनी तिथेच आहे का, आणि प्रत्यक्ष काम एका वाक्यात. 'असेंब्लीवर टॉर्क तपासणी' आणि 'चलनं फाइलला लावणे' यांतला फरक इथेच कळतो. घोळ होतो तो कंपनीच्या नावात. एकच कंपनी तीन स्पेलिंगांनी येते. म्हणून नावाऐवजी पॅन वापरा. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकातली तिसरी ते बारावी अक्षरं म्हणजे पॅन. राज्य बदललं तरी ती तीच राहतात. ऑफर लेटर कंपनीचं नसून मनुष्यबळ कंत्राटदाराचं आहे, हेही त्यावरून लगेच उघड होतं.

समजा, 'अ' कंपनीकडे ३० मुलं गेली, १२ ऑफर, सहा महिन्यांनी ३ टिकली. 'ब'कडे १० गेली, ४ ऑफर, चौघंही टिकली. ऑफरचं प्रमाण दोन्हीकडे ४० टक्केच! तरीही 'ब'च्या बाजूने लगेच कौल देऊ नका. त्यांनी ८ सीजीपीएच्या (दहापैकी सरासरी श्रेणीगुणांच्या) वरचीच मुलं उचलली असतील, तर श्रेय भागीदारीचं नाही. तेवढ्याच सीजीपीएच्या, तिथे न गेलेल्या मुलांचं काय झालं ते पाहा. शिवाय दहा मुलांवर टक्केवारी काढूच नये, तीन बॅच एकत्र घ्याव्यात.

अभिप्राय फॉर्मवर फार विसंबू नये. प्रमाणपत्र वाटताना भरून घेतला, की सगळे पाचपैकी पाच देतात.

नॅकचं मूल्यांकन दोन महिन्यांवर असेल तर करारवार यादी उरकून टाका, पण चालू बॅचपासून विद्यार्थीवार शीट सुरू करा. तिच्यातून करारांचे आकडे पिव्होटने (एक्सेलमधल्या सारांश-तक्त्याने) निघतात, उलटं होत नाही. जुलैत रुजू झालेल्यांना जानेवारीत फोन करा. जे उचलणार नाहीत त्यांना गळाले असं धरू नका, यादीतूनही काढू नका. 'संपर्क नाही' असा वेगळा रकाना ठेवा.