पीसीओएस: मेटफॉर्मिन की पाळीच्या गोळ्या?

भाचीच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या. एका डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध लिहिलेलं, दुसऱ्यांनी संप्रेरकांच्या, म्हणजे पाळीच्या (गर्भनिरोधक) गोळ्या. "मावशी, खरं कुणाचं?" खरं दोघांचंही, कारण दोन्ही औषधं वेगवेगळ्या जागी काम करतात.

पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजांडकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडात, बहुधा मेंदूतून एलएच हे बीजांडकोशाला चालना देणारं संप्रेरक जास्त सुटतं, रक्तात इन्सुलिनही वाढलेलं असतं. दोन्ही मिळून बीजांडकोशाला अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं) बनवायला लावतात. शिवाय वाढलेल्या इन्सुलिनमुळे यकृतात एसएचबीजी कमी बनतं, आणि हेच प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवत असतं. मुरुमं, हनुवटीवरचे केस येतात ते इथून.

पाळीच्या गोळ्या एलएच दाबतात, एसएचबीजी वाढवतात. पाळी तारखेला येते, मुरुमं ओसरतात. केसांना मात्र किमान सहा महिने द्यावे लागतात. इन्सुलिनचा प्रश्न तसाच राहतो.

मेटफॉर्मिन वाढलेल्या इन्सुलिनवर काम करतं. पाळी हळूहळू सुधारते, केसांवर परिणाम कमी. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, म्हणून ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ तपासावं.



केस, मुरुमं, अनियमित पाळी हा त्रास असेल आणि मूल नको असेल तर गोळ्या. पण रक्ताच्या गुठळीचा इतिहास किंवा डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल तर नकोत. वजन, साखर वाढलेली असेल तर मेटफॉर्मिन. मूल हवं असेल तर आधी बीज सुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोल या औषधाबद्दल विचारा.