हरित फटाके: खोक्यावरचा हिरवा शिक्का आणि आतला माल

निकाल आधीच सांगून टाकतो. हरित फटाके जुन्यांपेक्षा बरे आहेत, पण नाव ऐकून वाटतं तितके निर्मळ नाहीत. शिवाय दुकानात हरित म्हणून जे पुढे केलं जातं, ते सगळं हरित असतंच असं नाही. घ्यायचेच असतील तर कोणते घ्यावेत आणि कोणते दुकानातच राहू द्यावेत, हे खाली आहे. विक्रीवर निर्बंध हवेत की नकोत, या वादाचं उत्तरही बरंचसं या मालातच दडलेलं आहे.

हे फटाके नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केले. ऑक्टोबर 2019 मध्ये ते बाजारात आले. त्याआधी, 23 ऑक्टोबर 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांतल्या बेरियमच्या, म्हणजे आरोग्याला घातक अशा धातूच्या, क्षारांवर बंदी घातली होती आणि कमी प्रदूषण करणारेच फटाके विकायला परवानगी दिली होती. नीरीची मूळ मिश्रणं तीन. 'स्वास' फुटताना पाण्याची वाफ सोडतो आणि धूळ दाबतो. 'स्टार'मधून पोटॅशियम नायट्रेट आणि गंधक वगळले आहेत. 'सफल'मध्ये ॲल्युमिनियम कमीत कमी ठेवलं आहे. त्याखेरीज जुन्याच मिश्रणात झिओलाइटसारखे धूळ धरून ठेवणारे पदार्थ घालून केलेले सुधारित भुईनळे आणि फुलबाज्याही याच नावाखाली येतात, आणि गिऱ्हाइकाच्या हाती बहुधा हेच पडतात.

धुळीत साधारण 30 टक्के घट, हा यांचा मुख्य दावा. तो कशातून येतो ते नीरीच्या व्याख्येतच दिसतं: कवचाचा आकार लहान, कच्चा माल कमी, भरणीला राख नाही, वर धूळ दाबणारा पदार्थ. म्हणजे या घटीत रसायनशास्त्राइतकाच वाटा दारू कमी भरण्याचा आहे. यात फसवणूक काही नाही, चांगलंच आहे. फक्त हिशेब विसरू नये. जिथे 10 पेट्या लागायच्या तिथे 'हरितच आहेत की' म्हणून 15 आणल्या, तर धूर 10.5 जुन्या पेट्यांइतका झाला. बचत संपली, वर थोडी उधारी चढली.

आता धूर. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर 2016 साली सहा लोकप्रिय प्रकार जाळून जवळच्या हवेतले सूक्ष्म कण मोजले. शिखरमूल्यं अशी, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये: नागगोळी 64,500, हजाराची माळ 38,540, 'पुलपुल' 28,950, फुलबाजी 10,390, भुईचक्र 9,490 आणि भुईनळा 4,860. आपल्याकडे 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. काही मिनिटांच्या शिखराची दिवसभराच्या सरासरीशी थेट तुलना करू नये हे खरं, पण क्रम बघा. घराघरांत 'लहान मुलांसाठी, आवाज नाही' म्हणून आणली जाणारी नागगोळी सगळ्यांत वर! आणि मूल तिच्यावर वाकून साप कसा वाढतो ते बघत असतं, नाक धुरापासून वीतभर अंतरावर. हे आकडे हरित फटाके येण्याआधीचे आहेत. पण 30 टक्के घट धरली तरी नागगोळी 45,000 च्या वरच राहते. शिक्का असो वा नसो, ही वस्तू घेऊ नका. नुसत्या धुराच्या हिशेबाने घ्यायचंच तर भुईनळा, तोही मोकळ्या जागेत आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून.

फुलबाजीचं दुखणं वेगळं. पारंपरिक फुलबाजीच्या मसाल्यात बेरियम नायट्रेट हा मोठा घटक असतो. ठिणग्या लोखंडाच्या कणांच्या आणि ॲल्युमिनियमच्या, पण त्यांना जाळणारा ऑक्सिजन पुरवतं ते बेरियम नायट्रेट. ते काढलं की मिश्रण पुन्हा बसवावं लागतं. नीट बसलं नाही तर फुलबाजी मध्येच विझते, तारेवरून मसाला गळतो किंवा ठिणग्या पिवळट आणि आखूड पडतात. हरित फुलबाजी 'पूर्वीसारखी नाही' ही तक्रार यातूनच येते. भुईनळ्यात किंवा रंगीत काडीत मात्र घरच्या घरी करण्याजोगी एक ढोबळ परीक्षा आहे. ज्वाळेचा गडद, झळझळीत हिरवा रंग शोभेच्या दारूत जवळपास नेहमी बेरियमचा असतो. स्ट्रॉन्शियमने लाल येतो, सोडियमने पिवळा, तांब्याने निळसर. हरित म्हणून घेतलेल्या भुईनळ्याने पाचूसारखा हिरवा फुलोरा टाकला, तर पुढच्या वर्षी दुकान बदला.

पेटी तपासायची कशी? पेटीवर नीरीचं हिरवं गोल चिन्ह आणि क्यूआर कोड हवा. हा कोड साध्या कॅमेऱ्याने न बघता नीरीच्या ॲपने स्कॅन करा, कारण कॅमेरा कोणत्याही कोडची लिंक उघडून दाखवतो. ॲपमध्ये आलेलं कारखान्याचं नाव आणि फटाक्याचा प्रकार पेटीवरच्या छपाईशी जुळतो का ते बघा. भुईचक्राच्या पेटीवर बाणाचा कोड, किंवा पाच वेगळ्या प्रकारांवर एकच कोड, म्हणजे चिन्ह छापखान्यातून थेट आलेलं आहे. पेटीवर रसायनांची माहिती छापलेली असायला हवी, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच दिला आहे. ती नसेल तर कोड स्कॅन करायचेही कष्ट नकोत. आणि हे सगळं जुळलं तरी एक फट उरते. कोड सांगतो तो कारखाना आणि मंजूर झालेलं मिश्रण. तुमच्या हातातल्या पेटीत तेच भरलंय का, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. मुंबईत आवाज फाउंडेशनने बाजारातून घेतलेल्या फटाक्यांची तपासणी करून घेतली, तेव्हा हरित म्हणवणाऱ्या मालातही बेरियम आढळलं होतं.

गिफ्ट बॉक्स हा याहून अवघड प्रकार. वरच्या झाकणावर चिन्ह, आत सात-आठ कारखान्यांचा सुटा माल. अशा बॉक्समधली प्रत्येक पुडी वेगळी तपासा, नाहीतर घेऊच नका. मोबाइलवर दिसणाऱ्या, किंमतपत्रकावर 80 टक्के सूट देणाऱ्या 'थेट शिवकाशी' संकेतस्थळांपासून तर दूरच राहा. फटाक्यांची ऑनलाइन ऑर्डर घेण्यावर 2018 च्या त्याच निकालाने बंदी आहे. पैसे गेले तर तक्रार कशाची करणार, हा प्रश्न उरतो.

आवाजाबाबत हरित फटाक्यांचं यश मर्यादित आहे, आणि दोष सगळा त्यांचा नाही. कायद्याची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल. ही चाचणी किमान 5 मीटर व्यासाच्या काँक्रीटवर घ्यायची, आणि भोवती 15 मीटरपर्यंत आवाज परतवणारा एकही पृष्ठभाग नको. आता आपल्या सोसायटीचं आवार आठवा. दोन इमारतींमधला 15 मीटरचा मोकळा घेर किती ठिकाणी आहे? चाचणीत पास झालेला फटाका तिथे भिंतींवरून परतून परतून कानावर येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना तो पेटीवरच्या आकड्यापेक्षा दणदणीत लागतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. या हिशेबाने 125 डेसिबलचा, म्हणजे पूर्ण कायदेशीर बार, 100 मीटरवर सुमारे 97 डेसिबल भरतो. रुग्णालयाभोवतीचं शांतता क्षेत्र नेमकं 100 मीटरचं आहे. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने यातलं काही मोजायला जाऊ नका. फोनचा माइक असल्या क्षणिक दणक्याला आधीच तुंबतो आणि आकडा कमी दाखवतो.

सुतळी बॉम्बमध्ये आवाज ठरवतात ते सुतळीचे वेढे. दारू तेवढीच ठेवून वेढे घट्ट आणि जास्त केले की दाब वाढतो आणि बार मोठा होतो. त्यामुळे मंजूर मिश्रण वापरूनही मर्यादा ओलांडता येते, आणि शिक्का मात्र खरा राहतो. माळेला नियम आणखी कडक: माळेत जितके जास्त फटाके तितकी एकेकाची मर्यादा 125 च्या खाली. हजाराच्या माळेत 15 डेसिबल कमी, म्हणजे 110. दहा हजारांच्या माळेत 105. अर्थात हे गणित आता कागदापुरतंच. जोडफटाके, म्हणजे माळाच, 2018 पासून देशभर बंद आहेत. तरीही विजयाच्या मिरवणुकीत रस्ताभर अंथरलेली माळ कुणाला नवलाची वाटत नाही.

वापरताना काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण हरित शिक्का भाजण्यापासून वाचवत नाही. भुईनळा फुटतो तो बहुधा आतला घट्ट ठासलेला मसाला तडकल्यामुळे. पडलेला, दमट जागी ठेवून पुन्हा उन्हात वाळवलेला किंवा गेल्या वर्षीचा भुईनळा असा तडकतो. मग आग वरून खाली थराथराने न जाता भेगेतून एकदम आत शिरते, तोंडातून तेवढा वायू बाहेर पडू शकत नाही आणि कारंज्याचा बॉम्ब होतो. म्हणून वाकून पेटवायचं नाही. लांब काडीला उदबत्ती बांधायची, तोंड बाजूला ठेवायचं. वात जळून बार झाला नाही तर 20 मिनिटं जवळ जायचं नाही, मग लांबून बादलीभर पाणी ओतायचं. फुसका बार उघडून दारू गोळा करणं हा बोटं गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. फुलबाजीची विझलेली तारही बराच वेळ चटका देण्याइतकी तापलेली असते. ती पाण्याच्या बादलीत टाका, अंगणात नको. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही.

दुकानाची पारख सोपी आहे, कारण नियम नजरेला दिसतात. तात्पुरते स्टॉल न पेटणाऱ्या साहित्याचे, एकमेकांपासून 3 मीटरवर, समोरासमोर तोंड न करता, आणि एका जागी 50 पेक्षा जास्त नाहीत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले, लोंबती वायर नाही. 29 ऑक्टोबर 2016 ला औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजार पेटला आणि शंभरावर स्टॉल जळून गेले. कापडी मांडव आणि खेटून उभे गाळे दिसले की तिथून खरेदी करू नका, भाव कितीही उतरलेला असो.

मग निर्बंध हवेत का? हवेत, पण घड्याळावरचे कमी आणि मालावरचे जास्त. मुंबई महानगर प्रदेशात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये वेळ आधी संध्याकाळी 7 ते 10 आणि मग 8 ते 10 केली. ती पाळायला लावायची तर प्रत्येक गच्चीवर पोलीस हवा. दिल्लीत सरसकट बंदी असूनही दिवाळीत फटाके वाजतच राहिले. शेवटी 15 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने मोजक्या दिवसांसाठी हरित फटाक्यांना मुभा दिली. सरसकट बंदीने माल चोरवाटेने येतो, आणि चोरवाटेच्या मालावर ना मिश्रण तपासलं जातं ना कोड. शिवकाशीतल्या आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यातल्या फटाका कामगारांचं पोट हा मुद्दाही थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

गच्च्या हजारो असतात, कारखाने आणि परवानाधारक दुकानं मोजता येतात. तेव्हा माळ, सुतळी बॉम्ब आणि नागगोळी कारखान्यातच थांबवा. किरकोळ दुकानात फक्त प्रकाशाचे प्रकार राहू द्या. मोठा आवाज आणि उंच उडणारे प्रकार प्रशिक्षित माणसांच्या हाती, मोकळ्या मैदानावर, वॉर्डातून एकदाच. युरोपात एफ1 ते एफ4 असे वर्ग आहेत आणि एफ4 सामान्य गिऱ्हाइकाला मिळतच नाही. आपल्याकडे अशी विभागणी करायला नवा शोध लागायचा नाही. आवाजाचे आणि प्रकाशाचे फटाके वेगळे मानायला 2005 च्या निकालातच सांगितलं आहे. परवाने देणारं केंद्रीय स्फोटक खातं, म्हणजे 'पेसो', त्याचं मुख्यालयही नागपुरातच आहे, नीरीच्याच गावात. परवाना देताना कोडनिहाय साठ्याची यादी मागणं आणि दिवाळीच्या आठवड्यात दुकानातून नमुने उचलून बेरियम तपासणं, इतकं तरी या दोघांनी मिळून करायला हरकत नसावी.

तोवर ज्यांना घ्यायचेच आहेत त्यांच्यासाठी: कोड जुळलेले भुईनळे आणि भुईचक्रं, मोजकी. फुलबाजी मोठ्यांच्या देखरेखीत. बाण इमारतींमध्ये नको. आणि न फुटलेला माल रात्रभर बादलीत भिजवून मगच टाका, ओला कचरा असो की सुका. भाऊबिजेला घंटागाडीत कचरा दाबताना आग लागण्याचं एक कारण तोच असतो.