मेडिकल कोडिंगचा क्लास, नऊ महिन्यांनंतर: घोडं झेरॉक्सपाशी अडलं

तिसऱ्या महिन्यात लिहायला बसले असते तर एकच स्टार दिला असता. आता तीन देते. चौथा झेरॉक्सचे पैसे हातात पडल्यावर.

मेडिकल कोडिंग म्हणजे पेशंटचे आजार आणि उपचार बिलासाठी ठरलेल्या कोडमध्ये लिहिणं, आणि सीपीसी ही त्या कामाची अमेरिकन परीक्षा. मी बी.एस्सी. झूलॉजी, शाळा दहावीपर्यंत मराठी, गाव खानापूर तालुक्यात. दोन वर्षं मेडिकल दुकानाच्या काउंटरवर काढली. क्लास बेळगावात, टिळकवाडीच्या बाजूला. नाव लिहीत नाही, अजून पैसे यायचे आहेत त्यांच्याकडून. फी ३८ हजार, तीन हप्ते, ‘स्टडी मटेरियलसहित’. यातला शेवटचा शब्द लक्षात ठेवा.

मटेरियल म्हणजे दोन जाडजूड स्पायरल, वर क्लासचं नाव आणि स्टेथोस्कोपचा फोटो. आत आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेत वापरतात त्या आजारांच्या कोडच्या पुस्तकाची झेरॉक्स. मूळ पुस्तक हजारावर पानांचं, म्हणून कागद वाचवायला दोन पानं एका पानावर बसवलेली. अक्षर मुंगीएवढं. मूळ पुस्तकात रंगानं खूण असते, की हा कोड अपुरा आहे, पुढे अजून अंक लागतो. झेरॉक्सवर सगळे रंग राखाडी. आणि स्पायरलची भोकं! ‘एक्सक्लूड्स १’ म्हणजे हे दोन कोड एकत्र लावायचे नाहीत. ‘एक्सक्लूड्स २’ म्हणजे दोन्ही आजार असतील तर दोन्ही लावता येतात. माझ्या पुस्तकात कितीतरी ठिकाणी भोक नेमकं त्या आकड्यावर पडलेलं. म्हणजे लावायचं की नाही हे आम्ही अंदाजानं ठरवायचं. माझ्या शेजारच्या मुलीनं पेनानं सगळीकडे १ करून टाकलं, म्हणाली, बहुतेक तेच असतंय.

तरी मी गप्प होते. भडका उडाला एन१८.३ या एका कोडमुळे.

सरावाला केस होती: टाइप २ डायबेटिस, किडनीचा जुना आजार, स्टेज ३बी. पहिला कोड ई११.२२, म्हणजे डायबेटिसमुळे किडनीचा जुना आजार, त्याच्या खालीच सूचना आहे की किडनीच्या आजाराची स्टेज दाखवणारा कोड पुढे जोडा. मी पुस्तकात बघून स्टेज ३ चा एन१८.३ टाकला. सॉफ्टवेअरनं लाल केला. परत टाकला, परत लाल. ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, “स्पेस पडली असेल बघ.” स्पेस पडली नव्हती. घरी जाऊन मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की १ ऑक्टोबर २०२० पासून एन१८.३ एकटा चालतच नाही. त्याचे एन१८.३०, ३१ आणि ३२ असे तीन झाले. ३बीला एन१८.३२. म्हणजे आमचं पुस्तक त्याच्याही आधीचं! वर्षाचा आकडा कुठंच दिसत नव्हता, कारण कव्हर त्यांचं स्वतःचं आणि पानाची खालची पट्टी झेरॉक्समध्ये कापलेली. शेवटी एका वाकड्या पडलेल्या पानावर कोपऱ्यात २०२० सापडलं. दर वर्षी १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात हे पहिल्याच आठवड्यात आम्हाला फळ्यावर लिहून दिलेलं, आणि हातात हे.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर गेले.

“मॅडम, हे पुस्तक २०२० चं आहे.”

“अगं, बेसिक तेच असतंय. आजार काय दर वर्षी बदलतात काय?”

“आजार नाही बदलत, कोड बदलतात. तेच शिकायला ३८ हजार दिलेत.”

“परीक्षेला तुम्ही ओरिजिनल घेणारच की.”

ओरिजिनल घेणारच की! हे मला तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा कळलं. सीपीसीला पुस्तकं उघडून बसता येतं, पण छापील पुस्तकं: सीपीटी (ऑपरेशन, तपासण्या अशा उपचारांचे कोड), आयसीडी-१०-सीएम आणि एचसीपीसीएस (औषधं, उपकरणं वगैरेंचे कोड). समासात पेन्सिलनं टिपा चालतात, पान सापडायला टॅब चिकटवले तरी चालतात. झेरॉक्स चालत नाही. म्हणजे ‘मटेरियलसहित’ फी भरून तीन पुस्तकांचा खर्च वेगळा. आमच्या घरात ३८ हजाराला पप्पांनी एफडी मोडली होती, त्यामुळे या तीन पुस्तकांच्या किमती मी घरी कशा सांगितल्या ते माझं मला माहीत.

आता जे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं ते सांगते. आयसीडी-१०-सीएमची पूर्ण यादी आणि तिची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं अमेरिकेच्या सरकारी साइटवर फुकट मिळतात, सीडीसी आणि सीएमएस दोन्हीकडे, चालू वर्षाची. पीडीएफ उतरवून घ्यायची, बस्स. विकत घ्यावं लागतं ते सीपीटी, कारण त्याचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहेत. म्हणजे या क्लासनं मला जे जुनं, भोकं पाडून विकलं, ते नवंकोरं फुकट होतं. हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

मग तीन स्टार का? शिकवणाऱ्या सरांमुळे. सर चिकोडीकडचे. अर्धं कानडी, अर्धं मराठी, कोड तेवढे इंग्लिश. माझी सगळ्यात मोठी भीती इंग्लिशची होती. सरांनी फळ्यावर ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ लिहिलं आणि तोडलं: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. मी मागून म्हटलं, “सर, पित्त अधिक आशय. पित्ताशय.” सर थांबले, म्हणाले, “मराठी मीडियमवाल्यांनी हात वर करा,” आणि त्या दिवसापासून शब्द आला की आधी आम्हाला विचारायचे. शाळेत मूत्रपिंड, यकृत, अन्ननलिका घोकली त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या पोरींना शब्द पाठ होते, पण तोडता येत नव्हते.

गाईनं ढुशी मारली तर डब्ल्यू५५.२२एक्सए, हेही सरांनीच दाखवलं. आख्खा वर्ग हसला. बैलही त्याच गटात. म्हशीला मात्र वेगळं घर मला सापडलं नाही, आणि आमच्याकडे ढुशी मारते ती म्हैसच.

परीक्षेबद्दल थोडक्यात. १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास. पहिल्यांदा ६४ आले. यात क्लासचा दोष नाही, मी एकेक प्रश्न क्रमानं सोडवत बसले आणि शेवटचे १५ राहिले. एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत, मोठी ऑपरेशन नोट आली की सोडून पुढे जायचं असतं. दोन प्रयत्नांचं पॅकेज घेतलं होतं म्हणून वाचले. दुसऱ्यांदा ७६.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड. बेळगावातलं एकही नाही, सगळे बेंगळूर नाहीतर पुणे. शिवाय पास झाल्यावर नावापुढे सीपीसी-ए लागतं, ए म्हणजे शिकाऊ. दोन वर्षं काम केल्याशिवाय (किंवा एक वर्ष आणि वर ८० तासांचं प्रशिक्षण) तो ए जात नाही, आणि तो ए बघून पाच कंपन्यांनी अनुभव आहे का विचारलं. सहावीनं घेतलं. पुढच्या महिन्यात पुण्याला जाते. पगार खोलीभाडं वजा करून सांगण्यासारखा नाही.

येण्याजाण्याचा खर्च विचाराल तर मला शून्य. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये इथल्या बायकांना तिकीट नाही, आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. माझ्यासोबतची चंदगडची मैत्रीण मात्र महाराष्ट्राच्या आधारवाली, तिला कर्नाटकच्या बसला पूर्ण पैसे. महाराष्ट्राच्या एसटीत तिला राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं. ती एसटीसाठी तासभर थांबायची आणि क्लासला उशिरा यायची. तुमच्या आधारवर कुठला पत्ता आहे ते बघून हिशोब करा.

झेरॉक्सचं म्हणाल तर, मी फीच्या पावतीवर बोट ठेवून मटेरियलचे २२०० परत मागितले. आधी म्हणाले पुढच्या बॅचला डिस्काउंट देतो. मी पास झाल्यावर पुढची बॅच कशाला करू? मग म्हणाले स्पायरल परत आणून द्या. आणून दिले. आता म्हणतात सोमवारी या. चार सोमवार झाले. बस फुकट आहे, पुण्याला जायच्या आधी अजून तीन सोमवार आहेत.