'कॉन्फिडेन्शियल' नोकरी आणि व्हेरिफिकेशनचे १२,८०० रुपये

नोकरी करता करता गुपचूप दुसरी शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय, त्यातही चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या लोकांसाठी. खोट्या नोकरीच्या नावाखाली माझे पैसे गेले ते गेले, पण फसवणाऱ्यांचं खरं भांडवल वेगळंच होतं, ते म्हणजे ही बाई कुणाला काही विचारू शकत नाही. ते भांडवल त्यांनी कसं वापरलं ते आधीच माहीत असावं म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, चाकण एमआयडीसीत. इथे लपूनछपून नोकरी शोधणं किती अवघड आहे ते इथे काम करणाऱ्यालाच कळेल. कस्टमर, व्हेंडर सगळे त्याच परिसरात, आज जो कस्टमरकडून ऑडिटला येतो तो कधीकाळी आमच्याच साहेबांच्या हाताखाली होता, एचआरवाल्यांचे आपापसात व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि मोशीहून कंपनीच्या बसने जायचं म्हटलं की बसमध्ये फोन उचलायची सोय नाही कारण पुढच्या सीटवर स्टोअरचा माणूस, मागच्या सीटवर पेरोलची मुलगी. त्यात एप्रिलचं इन्क्रिमेंट तोंडावर. अशा वेळी ही दुसरीकडे बघतेय अशी नुसती कुणकुण लागली तरी रेटिंग जातं, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट केलं, आपल्या कंपनीला ब्लॉक करायची सोय असते तीही वापरली. मग फोन सुरू झाले. त्यातला एक माणूस फार व्यवस्थित बोलायचा. स्वतःला सीनियर रिक्रूटर म्हणायचा, हिंदी-इंग्लिश मिसळून. "मॅडम, पोझिशन टोटली कॉन्फिडेन्शियल है, क्लायंट का नाम अभी नहीं बता सकता." आता हे वाक्य ऐकून संशय यावा असं काही नाही, कारण खऱ्या कन्सल्टन्सीसुद्धा सुरुवातीला क्लायंटचं नाव सांगत नाहीत, एखाद्याला काढून त्याच्या जागी माणूस आणायचा असेल तर मुद्दाम लपवतात. पण पुढचं वाक्य मी आज कुणाच्या तोंडून ऐकलं तर तिथेच फोन ठेवीन. "आप भी किसी को मत बताना, घर में भी नहीं, लीक हुआ तो क्लायंट पोझिशन होल्ड कर देगा." खरा रिक्रूटर तुम्हाला घरी सांगू नका असं कशाला म्हणेल? त्याचं काही बिघडत नाही, उलट ऑफर आल्यावर घरचे नको म्हणाले आणि कँडिडेट मागे फिरला तर त्याचंच नुकसान, म्हणून ते पहिल्याच कॉलला विचारतात की घरी बोललात का, लोकेशन चालेल का.

त्याने एक फॉर्म पाठवला. त्यात तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पॅन, आधार, आणि खाली रेफरन्स म्हणून सध्याच्या कंपनीतल्या एचआरचं आणि रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव, ईमेल, मोबाइल. वर त्याचं आश्वासन, की जॉइन झाल्याशिवाय यांना कॉन्टॅक्ट करणार नाही. सगळीकडे हे लागतंच असं तो इतक्या सहज म्हणाला की नवऱ्यालाही, जो स्वतः आयटीत आहे, त्यात काही वावगं वाटलं नाही. (घरी मी सांगितलं होतं, त्या रिक्रूटरने नको म्हटलं तरी.) ही रेफरन्सची ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचंच हत्यार झालं.

मग फोनवर इंटरव्ह्यू झाला, 'टेक्निकल पॅनल' म्हणून दोघं होते. क्वालिटीच्या माणसाला नवीन कंपनीत काय विचारतात ते या लाइनमधल्या सगळ्यांना पाठ आहे. पीपीएपी (नवीन पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) कसं सबमिट करता, कस्टमर कंप्लेंट आली तर एट-डी (कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट) कोण भरतं, एफएमईए (काय काय बिघडू शकतं याची यादी) शेवटचा कधी रिव्हाइज केला, आयएटीएफच्या (ऑटो लाइनचं क्वालिटी मानक) ऑडिटमध्ये मेजर एनसी, म्हणजे मोठी त्रुटी, आली होती का. यातलं एक अक्षर नाही. नोटीस पीरियड किती, घरभाडं भरता का लोन आहे, हप्ता किती, आत्ता हातात किती येतात, एवढंच. आज कळतं की तो इंटरव्ह्यू नव्हता, या बाईकडून किती निघतील याचा अंदाज घेणं चाललं होतं.

दोन दिवसांत सिलेक्शनचा मेल, आणि कंपनीचं नाव रांजणगावची एक मोठी, शेअर बाजारात लिस्टेड असलेली कंपनी. पगारात चांगली चाळीस टक्के वाढ. सोबत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची फी १२,८०० रुपये, 'पूर्ण रिफंडेबल, पहिल्या पगारात परत'. संध्याकाळी सहापर्यंत भरा, नाहीतर दुसऱ्या कँडिडेटला ऑफर जाईल. मी विचारलं की थेट कंपनीच्या एचआरशी बोलू का, तर म्हणे बोललात तर गोष्ट बाहेर फुटेल, तुमच्या कंपनीचे लोक तिथे ओळखीचे आहेत, रिस्क तुमची. बघा, माझीच भीती माझ्यावर वापरली. यूपीआयला पैसे टाकताना कुठल्या तरी माणसाचं नाव दिसलं, तो म्हणाला आमचे अकाउंट्सचे आहेत. पैसे गेले.

हे पैसे मागणं किती खोटं आहे ते धंदा कसा चालतो हे कळलं की लगेच लक्षात येतं, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे कन्सल्टन्सीला पैसे देते ती कंपनी. साधारण दर ८.३३ टक्के असतो, म्हणजे कँडिडेटच्या वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एका महिन्याचा पगारच समजा, आणि वरच्या पोस्टला त्याहून जास्त. तेही कँडिडेट जॉइन झाल्यावर, आणि दोन-तीन महिन्यांत तो सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो किंवा पैसे परत. म्हणजे खऱ्या कन्सल्टंटचा सगळा जीव तुम्ही जॉइन होण्यात अडकलेला असतो, तुमच्या खिशातल्या बारा हजारांत नाही. व्हेरिफिकेशन तर नवीन कंपनीच आपल्या खर्चाने एजन्सीकडून करून घेते, आणि सध्याच्या कंपनीची चौकशी बहुतेक वेळा तुम्ही रिलीव्ह झाल्यावर किंवा तुम्ही हो म्हटल्यावरच होते. पीएफच्या यूएएनवरूनच (प्रत्येकाचा कायमचा पीएफ नंबर) कुठे कधीपासून कधीपर्यंत होतात ते कळतं. त्यासाठी कँडिडेटकडून फी घ्यायचं कारणच नाही.

नंतर ऑफर लेटर आलं. नवरा आणि मी रात्री जेवणं झाल्यावर ते लॅपटॉपवर उघडून बसलो. लोगो बरोबर, पत्ता बरोबर, सही-शिक्का सगळं. पण जॉइनिंगची तारीख १ मे. महाराष्ट्रातल्या कारखान्यात १ मेला कोण जॉइनिंग देतं? महाराष्ट्र दिन, कामगार दिन, गेटवर वॉचमन सोडून कुणी नसतं. मग खाली फूटरमध्ये सीआयएन नंबर बघितला. प्रत्येक कंपनीचा २१ अक्षर-आकड्यांचा हा नंबर असतो, लिस्टेड कंपनीचा 'एल' ने सुरू होतो, अनलिस्टेड असेल तर 'यू' ने, आणि मध्ये राज्याची दोन अक्षरं असतात. लेटरवरचा नंबर 'यू' ने सुरू होत होता आणि राज्य होतं दिल्ली. नवऱ्याने कॉर्पोरेट मंत्रालयाच्या एमसीए साइटवर टाकला तर वेगळीच कुठली तरी कंपनी निघाली. ईमेलचा डोमेनसुद्धा कंपनीच्या नावापुढे डॅश आणि करिअर्स असा, आणि तो रजिस्टर होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, डोमेन कधी घेतला ते दाखवणाऱ्या हूइज साइटवर फुकट दिसतं. ही सगळी तपासणी घरबसल्या होते आणि कुणाला कळतही नाही, तेव्हा गुप्तता मोडेल ही भीती इथे लागूच होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आता लॅपटॉप आणि मेडिकलचे ३४,००० भरा आणि आजच राजीनामा देऊन त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, तरच ऑफर रिलीज. मी स्पष्ट नाही म्हटलं, आधीचे पैसे परत मागितले. त्यावर आवाजच बदलला. एचआर मॅनेजरचं नाव घेतलं, माझ्या साहेबांचं नाव घेतलं, आणि म्हणाला, पैसे नाही आले तर तुमचा रेझ्युमे, फॉर्म आणि इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग दोघांना मेल करतो. इंटरव्ह्यूत कंपनी का सोडताय असं विचारल्यावर मी साहेबांबद्दल जे बोलले होते ते त्याने मला फोनवर वाजवून दाखवलं. पोटात गोळा आला. हातपाय गार पडले होते, खोटं नाही सांगत.

खूप जण इथेच पैसे भरत असतील, आणि एकदा भरले की परत परत मागणार हे उघड आहे. मी त्याच दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की सर, मी बाहेर नोकरी बघत होते, माझी अशी अशी फसवणूक झालीये, आणि तुम्हाला एक मेल येऊ शकतो ज्यात तुमच्याबद्दल मी बोललेलं आहे. सर कोल्हापूरकडचे, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, नोकरी बघणं काय गुन्हा हाय का? पहिलं पोलिसात जा. माझ्याबद्दल काय बोललीस ते नंतर बघू." ते नंतर बघितलंही, आणि ते बोलणं सोपं नव्हतं, पण ते आमच्यातलं आहे. मुद्दा असा की मेल यायच्या आधी मी सांगितलं, त्यामुळे त्या माणसाच्या हातात काहीच उरलं नाही. मेल आलाच, दोघांनाही. एचआरने तो मला फॉरवर्ड केला, पुरावा म्हणून.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. त्यांना ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो तो), बँक, तारीख-वेळ, समोरच्याचा नंबर लागतो, तो हाताशी ठेवूनच फोन करा. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली, स्क्रीनशॉट जोडले. माझ्या पैशातली थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली, बाकी आधीच काढून घेतली होती. जितक्या लवकर कळवाल तितकी अडकण्याची शक्यता जास्त, पहिले काही तास सोन्याचे असतात. पोलीस स्टेशनला लेखी दिलं त्यात धमकीचं मुद्दाम वेगळं लिहायला लावलं, कारण भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये येते आणि धमकी देऊन पैसे मागणं ३०८ मध्ये, खंडणी म्हणून. नुसतं 'ऑनलाइन फ्रॉड' लिहून घेतलं तर ही दुसरी गोष्ट राहून जाते.

कागदपत्रं त्यांच्याकडे गेलीच आहेत, तर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आणि क्रेडिट रिपोर्ट काढला, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. माझ्या पॅनवर कुणी लोन काढलेलं नाही आत्तापर्यंत, पण अधूनमधून बघत राहणार.

नोकरी अजून शोधतेच आहे, आणि कन्सल्टंटमार्फतच, कारण चांगल्या जागा त्यांच्याकडेच येतात. फक्त आता सॅलरी स्लिप लेखी ऑफरच्या स्टेजला, तीही अकाउंट नंबर झाकून. आधार मास्क केलेलं, शेवटचे चार आकडेच दिसतात ते. रेफरन्सला आधीच्या कंपनीतले लोक, सध्याचे नाहीत. आणि मेलवर एक ओळ लिहून घेते, की मला विचारल्याशिवाय रेझ्युमे कुठेही पाठवायचा नाही. एका ताईंनी, ज्या स्वतः वीस वर्षं प्लेसमेंटमध्ये आहेत, हे सांगितलं आणि कारणही सांगितलं, दोन कन्सल्टंटनी एकाच कंपनीला एकच रेझ्युमे पाठवला तर फी कुणाची यावरून भांडण लागतं आणि कंपनी कँडिडेटलाच बाजूला करते. जो खरा होता तो लगेच 'ओके मॅडम' म्हणाला. एकाने टाळाटाळ केली, त्याला मी सोडलं.

रत्नागिरीकडच्या माझ्या मावसभावाला गल्फसाठी असाच फोन आलाय, त्याचं वेगळं आहे. तिथे एजंटला फी घ्यायची परवानगी आहे पण कमाल ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, तीही रजिस्टर्ड एजंटलाच, आणि त्याचं नाव परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलच्या यादीत असायला हवं. त्याच्याकडे दीड लाख मागितलेत. त्याला थांबवलंय.

आमच्याच बस रूटवरच्या एका मुलीलाही तेच लेटर आलं होतं, तोच १ मे, तोच सीआयएन, पैसे तिनेही भरले आणि घरच्यांच्या भीतीने गप्प बसली होती. आता तिची तक्रारही पोर्टलवर गेली. तुमच्याकडे असं लेटर आलं असेल तर रक्कम दोन-पाच हजारांची असली तरी तक्रार टाका, एकाच खात्यावर आणि एकाच मोबाइल नंबरवर तक्रारी वाढल्या की ते खातं आणि तो नंबर बंद करणं पोलिसांना सोपं जातं.