पुण्यातील समलिंगी तरुणांचा आधारगट : दोन वेळचा अनुभव

ज्या आधारगटाविषयी लिहीत आहे त्याचे नाव आणि पत्ता येथे देत नाही, कारण आधी फोनवर बोलल्याशिवाय बैठकीची जागा कोणालाही सांगायची नाही हा त्यांचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मी तेथे पहिल्यांदा गेलो २०१४ च्या जानेवारीत, एकोणिसाव्या वर्षी. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी रद्द केला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू झाले, आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये त्यावर जे विनोद झाले ते ऐकून मी अर्ध्या ताटावरून उठलो होतो.

बैठकीत आडनाव विचारायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आमच्या साताऱ्याकडे आडनावावरून जात, गाव आणि कोण कोणाचा पाहुणा हे दोन मिनिटांत निघते, त्यामुळे या नियमाचे मोल मला लगेच कळले. बोलणे मराठीत चाले. तोवर या विषयासाठी माझ्याजवळ मराठीत केवळ शिव्याच होत्या. ‘मी समलिंगी आहे’ हे साधे वाक्य मी प्रथम तेथे मोठ्याने उच्चारले. समुपदेशकांनी घरी सांगण्याची घाई मुळीच केली नाही. उलट फी कोण भरते, घराबाहेर काढले तर पहिली रात्र कोठे काढणार, आधी कोणाला सांगितले तर ती व्यक्ती पाठीशी उभी राहील, हे सारे त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. मी मावशीचे नाव लिहिले, आणि तो अंदाज बरोबर ठरला.

पदवी हाती आल्यावर आईला सांगितले. मावशी तिला पालकांच्या बैठकीस घेऊन आली, तेव्हा तासभर ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. शेवटी शेजारच्या बारामतीच्या बाईंना तिने विचारले, “स्थळं येतात तेव्हा तुम्ही काय सांगता हो?” त्या म्हणाल्या, “पत्रिकाच बाहेर काढत नाही.” त्याच आठवड्यात माझी पत्रिका देवघराच्या कपाटातून ट्रंकेच्या तळाशी गेली. (बाबांची गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे.)

यंदा ओळखीतल्या एका लातूरच्या मुलाला घेऊन पुन्हा गेलो. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर गर्दी वाढली आहे आणि भीती कमी झाली आहे, पण फोन तिसऱ्या दिवशी उचलला गेला, एकट्याने समुपदेशन हवे तर सहा आठवडे थांबावे लागते, आणि चर्चा पुष्कळशी इंग्रजीत होते. ही शेवटची तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण हा मुलगा चहा येईपर्यंत एक शब्दही बोलला नाही. चहाच्या वेळी मात्र एका जुन्या कार्यकर्त्याने त्याला बाजूला घेतले. काका ‘उपचारा’साठी डॉक्टरकडे नेणार आहेत हे ऐकल्यावर, असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा २०२२ चा निर्णय मराठीत छापलेल्या पत्रकावर दाखवला आणि ते पत्रक त्याच्या हातात दिले.

शुल्क ऐच्छिक आहे. जागा तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. शनिवारची बैठक सहसा उशिरा संपते, तेव्हा बाहेरगावच्यांनी शेवटच्या एसटीची वेळ आधीच पाहून ठेवावी.